करिकालनाला मारलं कोणी?

ओरगडमच्या चौकात वंडलूर–वालाजाबाद रस्ता आणि श्रीपेरुंबुदूर–सिंगपेरुमाळकोइल रस्ता एकमेकांना छेदतात. चेन्नईच्या नैर्ऋत्येचा हा सगळा टापू वाहन उद्योगाचा. रेनो-निसानचा कारखाना इथे 2010 मध्ये सुरू झाला, 2012 मध्ये डाइमलरचे ट्रक तयार होऊ लागले, 2013 मध्ये रॉयल एनफिल्ड आली. पिंपरी-चाकणहून बदली होऊन आलेला मराठी माणूस इथे सहज भेटतो आणि इडलीच्या गाडीवर उभं राहून मिसळीची आठवण काढतो. पाळी सुटली की कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागते. खिडकीशी बसलेल्या मुलामुलींच्या कानात इयरफोन असतात. त्यांतले काही गाणी ऐकत असतात, आणि काही एका कादंबरीचं वाचन. ती 1950 साली छापून येऊ लागली, पाच भागांची आहे, दोन हजारांहून अधिक पानांची आहे आणि एक हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याबद्दल आहे.

‘पोन्नियिन सेल्वन’, म्हणजे कावेरीचा लेक. लेखक रा. कृष्णमूर्ती, टोपणनाव ‘कल्कि’.

जगभरचे वाचक टॉल्किनच्या मध्य-पृथ्वीचे नकाशे घेऊन बसतात, जॉर्ज मार्टिनच्या सात राज्यांतल्या घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणतात, एखादं पात्र मुळात कोणाचं मूल असावं यावर वर्षानुवर्षं भांडतात. ते भांडण मी तामिळनाडूत तितक्याच जोरात ऐकलं. फरक एकच होता. इथे नकाशावरच्या गावाला राज्य परिवहनाची बस जाते. इथला वाद मिटवायचा झाला तर लोक देवळाच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतात आणि दगडावरची अक्षरं लावू लागतात. या फरकामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. कल्पनेतलं जग उभं करण्याची इतकी वेगळी रीत आपल्याकडच्या वाचकाला कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आधी कथा, थोडक्यात. चोळ सम्राट सुंदर चोळ तंजावूरला आजारी आहे. थोरला मुलगा आदित्य करिकालन कांचीला, उत्तरेच्या सरहद्दीवर सैन्य घेऊन बसला आहे. धाकटा अरुळमोळी लंकेत लढतो आहे. मुलगी कुंदवै पळैयारैच्या वाड्यातून राज्याची नाडी हातात धरून आहे. कोषाचा आणि किल्ल्याचा ताबा पळुवेट्टरैयर या बलाढ्य सरदार भावांकडे. त्यांना सिंहासनावर हवा आहे सम्राटाचा चुलतभाऊ मधुरांतकन. थोरल्या पळुवेट्टरैयरने उतारवयात एका तरुणीशी लग्न केलं आहे, तिचं नाव नंदिनी, आणि तिच्या मनात पांड्य राजाच्या वधाचा सूड आहे. या सगळ्यांच्या मधून करिकालनाचा निरोप घेऊन एक घोडेस्वार कांचीहून तंजावूरला निघतो. तो वंदियदेवन. गादी नाही, फौज नाही, जिभेवर मात्र धार भरपूर.

ओरगडमहून कांचीपुरम तासाभराच्या अंतरावर आहे. वंदियदेवन निघाला तो याच टापूतून, तोंडैमंडलमातून. इथल्या वाचकांना याचं केवढं अप्रूप! चहाच्या टपरीवर एका गटाने मला टेबलावर बोटाने रस्ता काढून दाखवला: कांची इथे, वीराणम तलाव तिथे, कोळ्ळिडम नदी, कुडंदै, तंजावूर. त्यांच्यातली एक मुलगी रंगकामाच्या विभागात काम करते. तिने पुस्तक वाचायच्या आधी आजीकडून ऐकलं होतं. दुसरा वाहनांच्या चाचणीतला अभियंता, त्याने चित्रपट पाहिल्यावर पाचही भाग काढून वाचले. त्यामुळे दोघांमध्ये एक अबोल श्रेणी होती, आणि कुठलाही मुद्दा निघाला की शेवटचा शब्द आजीच्या नातीचा असे.

कादंबरीचं पहिलंच दृश्य वीराणम तलावाच्या बांधावरचं. दिवस आडिपेरुक्कूचा, आषाढाच्या पुराचा. तामिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, कावेरीकाठच्या बायका नदीला ओवाळतात, काठावर बसून चित्रान्न खातात. वंदियदेवन बांधावरून घोडा चालवत तो लांबच लांब जलाशय पाहतो आणि त्याची चौऱ्याहत्तर दारं आठवतो. कल्किंचं जग उभं करण्याचं तंत्र इथेच दिसतं. राजा, तलवार, शाप यांच्या आधी पाणी येतं. हा तलाव चोळांनी खोदला, राजादित्य या युवराजाच्या फौजेने, आणि त्याला परांतक राजाच्या ‘वीरनारायण’ या बिरुदाचं नाव पडलं. चोळांचं राज्य कशावर उभं होतं ते वाचकाला पहिल्या प्रकरणातच कळतं. 2004 पासून याच वीराणमचं पाणी दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने चेन्नईला येतं. शहरातला वाचक कथेच्या पहिल्या दृश्यातलं पाणी पितो, असं मला कोणीतरी सांगितलं, आणि ते शब्दशः खरं आहे.

राजादित्याचं नाव निघालं की मराठी वाचकाने कान टवकारावेत. इसवी सन 949 मध्ये तक्कोलमच्या लढाईत तो हत्तीवर असतानाच मारला गेला. समोर होता राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी खोदवलं त्याच घराण्यातला. आपल्या शालेय पुस्तकात राष्ट्रकूट म्हणजे लेणी आणि दानपत्रं. इथे ते उत्तरेकडून आलेलं संकट आहेत, त्यांनी कांची आणि तंजावूर घेतल्याची आठवण शिलालेखांत आहे, आणि करिकालन कांचीला तळ ठोकून का बसला आहे याचं उत्तरही तेच. तक्कोलम ओरगडमपासून फार दूर नाही. कल्किंच्या ‘शिवकामियिन शपदम’ या आधीच्या कादंबरीत तर अजिंठा आहे: पल्लवांच्या काळातला एक शिल्पी अजिंठ्याच्या न विटणाऱ्या रंगांचं गुपित मिळवण्यासाठी वेडापिसा झालेला आहे. आपला मुलूख त्यांच्या कथाविश्वात कसा दिसतो हे पाहायला मिळणं ही माझ्यासाठी मोठीच गोष्ट होती.

कल्किंचा जन्म 1899 चा, मायावरमजवळच्या पुत्तमंगलम गावचा. असहकाराच्या हाकेवर शाळा सोडली, तुरुंगात गेले, ‘आनंद विकटन’चे संपादक झाले, आणि 1941 मध्ये टी. सदाशिवम यांच्याबरोबर स्वतःचं ‘कल्कि’ साप्ताहिक काढलं. भांडवल उभं करायला सदाशिवम यांच्या पत्नी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ‘सावित्री’ चित्रपटात नारदाची भूमिका केली. याच साप्ताहिकात 29 ऑक्टोबर 1950 पासून मे 1954 पर्यंत ‘पोन्नियिन सेल्वन’ आठवड्या-आठवड्याने छापून आली. चित्रं मणियम यांची. लेखक आणि चित्रकार दोघेही स्थळं पाहायला हिंडले, लंकेपर्यंत गेले. देवळातल्या मूर्तींवरचे दागिने, केसांच्या गाठी, कमरपट्टे पाहून मणियम यांनी पात्रांना रूप दिलं. घराघरांत अंक आला की ती पानं फाडून ठेवली जात, शेवटी शिवून त्यांची पुस्तकं बांधली जात. अशी बांधलेली प्रत ज्यांच्या माळ्यावर आहे ते कुटुंब आजही ती पाहुण्याला काढून दाखवतं. पुढे साप्ताहिकाने ही मालिका पुन्हा पुन्हा छापली, दर पिढीसाठी नव्याने. 1999 मध्ये, कल्किंच्या जन्मशताब्दीला, राज्य सरकारने त्यांच्या साहित्याचं राष्ट्रीयीकरण केलं. तेव्हापासून कोणीही ते छापू शकतं. चेन्नईच्या जानेवारीतल्या पुस्तकमेळ्यात या कादंबरीचे गठ्ठे जवळजवळ प्रत्येक गाळ्यावर दिसतात, ते त्यामुळेच.

आता मूळ भांडणाकडे.

करिकालनाचा खून ही इतिहासातली घटना आहे. कादंबरीत ती कडंबूरच्या वाड्यात घडते. दिवा विझतो, अंधारात गोंधळ होतो, आणि उजेड आल्यावर युवराज मेलेला असतो. खोलीत नंदिनी होती. पांड्यांचे कटवाले आसपास होते, त्यांत रविदासनही. वेष पालटून पळुवेट्टरैयर आला होता. पडद्याआड वाड्याच्या मालकाची मुलगी मणिमेकलै लपली होती. आळ येतो वंदियदेवनावर. पुढे पळुवेट्टरैयर म्हणतो, माझ्या हातून झालं. मणिमेकलै म्हणते, मीच मारलं. ती हे वंदियदेवनाला वाचवायला म्हणते की खरंच? करिकालनाने स्वतःच मरण ओढवून घेतलं का? कल्किंनी उत्तर दिलं नाही. सत्तर वर्षं झाली, लोक ते शोधत आहेत.

त्या टपरीवर चाचणी विभागातला अभियंता ठामपणे रविदासनाच्या बाजूने होता, म्हणजे खुनी रविदासनच असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते हे सिद्धच आहे, कारण दगडावर लिहिलेलं आहे. आणि दगड खरोखर आहे. काट्टुमन्नारकोइलजवळ उडैयारगुडीच्या अनंतीश्वर मंदिराच्या भिंतीवर राजराज चोळाच्या, म्हणजे पुढे राजा झालेल्या अरुळमोळीच्या, राज्यकाळाच्या दुसऱ्या वर्षातला एक लेख कोरलेला आहे. ‘पांड्याचं शिर घेणाऱ्या करिकाल चोळाला’ मारणारे द्रोही म्हणून त्यात सोमन, रविदासन, परमेश्वरन या भावांची नावं येतात, आणि त्यांच्या व त्यांच्या नातलगांच्या जमिनी जप्त करण्याचा उल्लेख आहे. रविदासनाच्या नावापुढे ‘ब्रह्माधिराज’ ही पदवी आहे, म्हणजे हे राजसेवेतले मोठे ब्राह्मण अधिकारी होते. कल्किंनी रविदासन घेतला तो या भिंतीवरून.

आजीच्या नातीला हे पुरेसं वाटत नव्हतं. राजराज गादीवर आला 985 मध्ये. करिकालनाचा खून झाला त्याच्या साधारण पंधरा वर्षं आधी. मधल्या काळात राज्य केलं उत्तम चोळाने, म्हणजे कादंबरीतल्या मधुरांतकनाच्या नावाच्या माणसाने. त्या सगळ्या वर्षांत खुन्यांना हात का लागला नाही? हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारलेला नाही. के. ए. नीलकंठ शास्त्रींनी चोळांच्या इतिहासात उत्तम चोळावर संशय व्यक्त केला होता. सदाशिव पंडारत्तार यांनी तो खोडून काढला: दगडावरचा दिनांक हा जमिनीच्या व्यवहाराचा, शिक्षा आधीच सुरू झालेली असू शकते, आणि उत्तम चोळ दोषी असता तर राजराजाच्या घराण्याने त्याला इतक्या आदराने आठवलं नसतं. कारखान्यातून आठ तास काम करून आलेली मुलगी दोन इतिहासकारांची बाजू चहाच्या टेबलावर मांडत होती, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र ऐकून भारावून गेलो. कादंबरीच्या नादाने पुराभिलेखशास्त्रापर्यंत पोचलेला वाचक मला अन्यत्र इतक्या सहज भेटलेला नाही.

हे एकट्या-दुकट्याचं वेड नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून ‘पोन्नियिन सेल्वन वरलाट्रु पेरवै’ या नावाने वाचक एकत्र जमतात, कादंबरीतल्या स्थळांच्या यात्रा काढतात आणि वाटेत खऱ्या अभ्यासकांना गाठून शिलालेख वाचायला शिकतात. पळुवूरला जाऊन पळुवेट्टरैयर सरदारांची देवळं पाहतात. अन्बिलला जातात, कारण मंत्री अनिरुद्ध ब्रह्मरायर खरा होता आणि त्याला दिलेला ताम्रपट सापडलेला आहे. कोडिक्करैला जातात. पूंकुळली ही होडी वल्हवणारी मुलगी तिथली. ती पूर्णपणे कल्पित, तरीही लोक तिच्या किनाऱ्यावर उभे राहून गप्प होतात. तिथल्या जुन्या चोळकालीन दीपस्तंभाचे अवशेष 2004 च्या त्सुनामीत गेले. ज्यांनी ते आधी पाहिले होते त्यांच्या बोलण्यात घरातलं माणूस गेल्याचं दुःख आहे.

कोण खरं आणि कोण रचलेलं, ही या वाचकांची सगळ्यात आवडती चर्चा. कुंदवै खरी: तंजावूरच्या मोठ्या देवळाला तिने दिलेल्या मूर्ती आणि दागिने भिंतीवर नोंदलेले आहेत. त्याच लेखांत ती वल्लवरैयर वंदियदेवराची पत्नी म्हणून येते. वंदियदेवनाबद्दल इतिहासाकडे यापलीकडे फारसं काही नाही. कल्किंनी त्या एका नावाभोवती तामिळ साहित्यातला सगळ्यात लाडका नायक उभा केला. थोडा ड्यूमाच्या शिलेदारांसारखा, चुकणारा, पकडला जाणारा, भूक लागली की राजकारण विसरणारा. आणि ज्याच्या नावाने कादंबरी आहे तो अरुळमोळी दुसऱ्या भागापर्यंत प्रत्यक्ष दिसतसुद्धा नाही! आधी त्याच्याबद्दल सगळे बोलतात. बहीण बोलते, शत्रू बोलतात, नावाडी बोलतात. तो येतो तेव्हा आपण आधीच त्याच्या बाजूचे झालेलो असतो.

मराठी ऐतिहासिक कादंबरीवर माझं प्रेम आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ यांनी कित्येकांना वाचायला लावलं, मलाही. पण आमच्या कादंबरीत आम्ही बहुधा राजाच्या खांद्याशी उभे असतो. त्याचं दुःख, त्याचा एकाकीपणा, त्याचं मोठेपण. मग वाचकाकडे उरतो तो आदर, आणि आदराला वाद सोसत नाही. कल्किंनी राजाला दूर ठेवलं आणि निरोप्याला जवळ आणलं. निरोप्या वाड्यात शिरतो, भिंतीआडून ऐकतो, मुदपाकखान्यात जातो, ज्योतिषाच्या झोपडीत बसतो, वाटेत शैव-वैष्णवांचं भांडण पाहतो. आळ्वारकडियान नंबी हा शेंडीवाला वैष्णव हेर त्या भांडणातूनच पुढे येतो. सगळं राज्य आपल्याला त्याच्या पायांनी फिरता येतं. आणि मुख्य म्हणजे खून उलगडलेला नाही, त्यामुळे वाचकाला बोलायला जागा आहे. असं मराठीत फार कमी झालं आणि त्याची मला खंत वाटते.

नंदिनीवरून मात्र त्या टपरीवर आवाज चढले. ती खलनायिका की जिच्यावर अन्याय झाला ती? राजघराण्याने तिला वाड्याबाहेर ठेवलं. तिने पाया पडून ज्या पांड्य राजाचे प्राण मागितले त्याचं शिर करिकालनाने उडवलं. तिचा बाप कोण याबद्दल कादंबरीत इतक्या वेगवेगळ्या सूचना आहेत की दर वाचकाची वंशावळ निराळी. वयस्कर वाचक तिला अजून ‘विषारी’ म्हणतात. तरुण मुली मानायला तयार नाहीत. त्यांच्या मते कुंदवैचं राजकारण आणि नंदिनीचं राजकारण यांत फरक एवढाच की एक वाड्यात जन्मली. मला हे पटलं. कल्किंच्या लेखणीत तिच्याबद्दल भीती जितकी आहे तितकीच ओढही आहे, आणि म्हणूनच ती मरत नाही, कथेतून निघून जाते.

चित्रपटाचा विषय टाळणं शक्यच नव्हतं. एम. जी. रामचंद्रन यांनी 1958 मध्येच हक्क घेतले होते, तो चित्रपट झाला नाही. 1999 मध्ये ‘मॅजिक लँटर्न’ या नाट्यसंस्थेने चेन्नईत वायएमसीएच्या मैदानावर कादंबरी रंगमंचावर आणली. शेवटी मणिरत्नम यांचे दोन भाग आले: 30 सप्टेंबर 2022 आणि 28 एप्रिल 2023. गर्दी प्रचंड झाली, नवे वाचक हजारोंनी आले, आणि जुन्या वाचकांनी हिशेब मागितला. मणिमेकलै कुठे गेली? तिला वगळल्यावर खुनाच्या खोलीतला एक संशयितच कमी झाला. सेंदन अमुदन, फुलांच्या माळा करणारा तो शांत शिवभक्त, त्याच्याबद्दल पुस्तकात शेवटी जे उघड होतं ते पडद्यावर नाही. (ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांच्यासाठी मी इथे थांबतो. मला तामिळ मित्रांनी तशी शपथच घातली आहे.) एवढं सांगायला हरकत नाही की तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात अरुळमोळीने प्रजा मागत असतानाही गादी आपल्या काकाला सोडली असं म्हटलं आहे, आणि कल्किंनी या एका वाक्यातून पाचवा भाग, ‘त्यागाचं शिखर’, रचला. त्याग कोणासाठी केला हे बदललं की त्यागाचं वजन बदलतं. चित्रपटाबद्दलची ही तक्रार मला रास्त वाटते. ऐश्वर्या रायने नंदिनी कशी केली याबद्दल मात्र तक्रार कोणाचीच नव्हती.

1954 मध्ये मालिका संपली तेव्हाही वाचक नाराज होते. इतक्या लोकांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही, अशी पत्रं आली. कल्किंनी शेवटी एक स्वतंत्र निवेदन लिहून एकेका पात्राबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली, काही मुद्दाम पुढच्या लेखकांसाठी सोडली. त्याच वर्षी 5 डिसेंबरला ते गेले. सोडलेल्या जागा लोकांनी भरल्या: विक्रमन यांनी ‘नंदिपुरत्तु नायकी’ लिहिली, बालकुमारन यांनी राजराजावर ‘उडैयार’चे सहा भाग लिहिले. आणि ज्यांना लिहिता येत नाही ते ओरगडमच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या ओट्यावर बोलत राहिले.

निघताना मी त्यांना आपल्याकडची एक गोष्ट सांगितली. राजराजाच्या त्याच तंजावूरच्या देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला आहे. भाषा मराठी, लिपी देवनागरी. यात्रेला गेलेल्या सगळ्यांनी तो पाहिला होता, वाचता कोणालाच आला नव्हता. त्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगू लागलो: तुळजाजी राजाने 1787 मध्ये मरणाआधी सरफोजीला दत्तक घेतलं. पण गादीवर बसला तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंग. पंडितांनी दत्तक अशास्त्रीय ठरवला. मुलाला श्वार्ट्झ या मिशनऱ्याने सांभाळलं, मद्रासला नेलं. मग पंडितांचा निर्णय फिरला आणि 1798 मध्ये कंपनी सरकारने अमरसिंगाला उतरवून सरफोजीला बसवलं.

टेबलावर क्षणात दोन तट पडले. रंगकामातली मुलगी अमरसिंगाच्या बाजूने होती, तिच्या मते कंपनीने बसवलेल्या राजाने कोरवलेल्या इतिहासावर विसंबायचं नसतं. अभियंत्याला पंडितांची नावं हवी होती: पहिला निर्णय देणारे आणि दुसरा देणारे तेच होते का, आणि मधल्या काळात त्यांच्या जमिनी वाढल्या का? तुळजाजीच्या राण्या कोणाच्या बाजूने होत्या? मुलाला वाड्यातून बाहेर काढलं त्या रात्री दाराशी कोण होतं? तंजावूरहून मद्रासला निरोप घेऊन कोण गेलं, आणि कुठल्या रस्त्याने?